गौरीच्या गोळ्या

आमच्या देवघराच्या फळीवर कापराची डबी, वातींचा डबा, अष्टगंध आणि या सगळ्यांच्या मागे गोळ्यांची एक पट्टी असायची. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांची. लग्न होऊन मी श्रीवर्धनला आले, त्या पहिल्याच भाद्रपदात सासूबाईंनी ती माझ्या हातात ठेवली होती, कुंकवाची पुडी द्यावी इतक्या सहज. "गौरीच्या गोळ्या आहेत. उद्यापासून जेवल्यावर घेत जा." मी बी.एस्सी. झालेली, हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवणारी. मीही तितक्याच सहज घेतल्या. घरात सून मी एकटी. गौरीच्या नैवेद्याचं घावन-घाटलं सोवळ्यात सुनेनंच करायचं असतं. तेव्हा माझी पाळी आली तर करणार कोण?

मला झालेलं दुखणं सांगायला गेलं तर एका वाक्यात संपतं. गर्भाशयाच्या आत पॉलिप झाले होते आणि ते दुर्बिणीतून काढले. चिरा नाही, टाका नाही, संध्याकाळी घरी. कुणी भेटायला आलं तर हे ऐकून निराशच व्हायचं, कारण दाखवायला काही नव्हतं. तरीही लिहिते आहे, कारण महिन्याच्या मध्येच डाग दिसला की "होतं असं" म्हणत कपडे धुवायला टाकणाऱ्या बायका माझ्या ओळखीत ढीगभर आहेत. मीही त्यातलीच होते. यात धीराच्या गोष्टी फार सापडणार नाहीत. मलाच त्या थोड्या मिळाल्या.

मागची खोली

आमच्याकडे पाळीत बाजूला बसतात. आजही. ज्यांना भुवया उंचवायच्या असतील त्यांनी खुशाल उंचवाव्यात, मीही माहेराहून आले तेव्हा उंचवल्या होत्या. पुढे सवय झाली. शाळेत जायला आडकाठी नाही, पगार कुणाला विटाळत नाही. घरी आलं की मात्र मागच्या पडवीला लागून असलेली खोली. स्वयंपाकघरात जायचं नाही, देवघराच्या दाराशी उभं राहायचं नाही आणि घरामागच्या सुपारीच्या वाडीत तर मुळीच जायचं नाही, कारण पोफळींवर चढवलेल्या पानवेली जळतात म्हणे. माझ्या हातचा फळा बघून वर्गातलं एकही पोर जळलेलं मी पाहिलं नाही, पण हे घरी बोलायची सोय नव्हती.

पूर्वी ही खोली चार दिवसांची होती. मग पाळी आठवडाभर टिकायला लागली, मग संपून जेमतेम चार दिवस गेले की परत डाग. सासूबाईंचा नियम सरळ होता, डाग म्हणजे डाग. शेवटी शेवटी अर्धा महिना मी त्या खोलीत असायचे. सासूबाई दारात ताट ठेवायच्या आणि विचारायच्या, "अजून आहेच का गं?" त्यात राग नसायचा, नुसता कंटाळा. मलाही माझा कंटाळा आला होता.

त्यावर घरात एकच उत्तर ठरलेलं होतं. "गोळ्यांचं आहे ते. बसेल दोन महिन्यांत." ते दोन महिने कधी सलग मिळालेच नाहीत. गौरी झाल्या की नवरात्र, नवरात्र झालं की सासऱ्यांचं श्राद्ध, मग कुणाची मुंज, कुणाच्या घरचा सत्यनारायण. प्रत्येक वेळी फळीवरची पट्टी खाली यायची. म्हणजे रक्त गोळ्यांमुळे जातं असं म्हणायचं, आणि रक्त नको म्हणून परत गोळ्याच घ्यायच्या. दहावीच्या मुलांनी असं उत्तर लिहिलं असतं तर मी लाल शाईनं काट मारली असती.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगते, म्हणजे पुढचं समजेल. आम्हाला मूल नाही. लग्नानंतर तीन-चार वर्षांनी पुण्याला जाऊन दोघांच्या तपासण्या करून आलो होतो. "सगळं ठीक आहे, प्रयत्न चालू ठेवा." औषधं झाली, नवस झाले, सासूबाईंनी माझ्या वाटचे उपासही केले. मग हळूहळू लोक विचारेनासे झाले. विचारायचे तेव्हा चीड यायची, विचारायचं थांबले तेव्हा त्याहून वाईट वाटलं. मी अडतीस वर्षांची झाले होते आणि मनात कुठेतरी, कुणालाही न सांगता, अजून वाट बघत होते.

"काही औषधं चालू आहेत?"

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात नववीच्या वर्गात फळ्यावर आकृती काढता काढता मला घेरी आली. खडू हातातून सुटलेला आठवतो, पुढचं एकदम बाकावर पडल्यावरच. मुख्याध्यापकांनी आनंदला फोन केला. आनंद म्हणजे माझा नवरा, पतपेढीत नोकरी करतो आणि सकाळ-संध्याकाळ वाडी बघतो. गावातल्या डॉक्टरांनी डोळ्याची पापणी खाली ओढली आणि म्हणाले, "रक्त आहे कुठे अंगात? अलिबागला मॅडमना दाखवा. आजच्या आज."

अलिबागच्या त्या मॅडम पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी सगळं विचारलं. पाळी कधीपासून बिघडली, किती जातं, मधे डाग किती, मुलंबाळं. मग लिहिता लिहिता विचारलं, "काही औषधं चालू आहेत?"

"नाही," मी म्हणाले.

"नाही," आनंदही म्हणाला.

दोघंही खरंच बोलत होतो. सोनोग्राफी झाली. अस्तर जाड दिसतंय, नीट उमगत नाही, पाळी होऊन गेली की लगेच परत या, असं त्या म्हणाल्या. "पुढची तारीख काय?"

"गौरी झाल्यावर येईल," मी म्हणाले. "आता गोळी चालू आहे ना."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कसली गोळी? आत्ता तर नाही म्हणालात."

"ते औषध नाही हो मॅडम. ते गौरीसाठी आहे."

हे वाक्य मी शुद्धीवर असताना, विज्ञानाची शिक्षिका असताना उच्चारलं. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. मग शांतपणे एकेक विचारत गेल्या. वर्षातून किती वेळा? कुणी लिहून दिल्या? कधीपासून? मी सांगत गेले आणि सांगता सांगता मलाच ऐकू यायला लागलं की मी काय सांगते आहे. आनंद खिडकीतून बाहेर बघत होता. दुकानातून पट्टी आणून देणारा तोच होता, दरवर्षी, नारळ आणि कापराबरोबर.

"तुमच्या एकटीचं नाही," मॅडम म्हणाल्या. "या पट्ट्यात निम्म्या बायका मला हेच सांगतात. औषध नाही म्हणून."

म्हणून ही ओळ माझ्यासारख्यांसाठी: डॉक्टरांनी औषधं विचारली तर देवघरातलीही सांगा.

त्या वर्षी गौरीचं घावन-घाटलं मीच केलं, स्टूलवर बसून. उभं राहिलं की डोळ्यांपुढे काळं यायचं. त्यानंतर जी पाळी आली तिचं वर्णन करत नाही. ती आटोपल्यावर परत अलिबागला गेलो आणि पडद्यावर दोन गोष्टी स्पष्ट दिसल्या. एक लहान, एक मोठा. मॅडमनी कागदावर उलट्या नासपतीसारखी पिशवी काढली आणि आतल्या भिंतीवरून लोंबणारे दोन कोंब. "पॉलिप म्हणतात याला. बहुतेक वेळा साधे असतात. पण काढून तपासल्याशिवाय मी शब्द देणार नाही."

"आणि मूल?" हे आनंदनं विचारलं. मला ती अपेक्षा नव्हती.

"हे आत असताना गर्भ रुजायला अडचण होऊ शकते. काढल्यावर वाट मोकळी होईल. पुढचं वयावर आणि नशिबावर."

मी त्या चित्राकडे बघत होते. वाट मोकळी होईल म्हणजे आजवर ती अडलेली होती. मला बरं वाटायला हवं होतं, आणि मला तिथल्या तिथे ओरडून रडावंसं वाटलं.

"आता काय करायचंय तिचं"

आमच्याकडे गर्भाशय कुणी म्हणत नाही, पिशवी म्हणतात. आणि पिशवीला काही झालं की सगळ्यांकडे एकच सल्ला तयार असतो. नणंदेचा फोन आला, "वहिनी, काढूनच टाक. मी सुटले बघ." शाळेतल्या बाई म्हणाल्या, काढूनच टाका. शेजारच्या काकू म्हणाल्या, ठेवून काय लोणचं घालायचंय. मी हसून घेत होते.

मग एक दिवस आनंद जेवायला बसला होता, मी मागच्या खोलीच्या दारात, आणि सासूबाई वाढता वाढता त्याला म्हणाल्या, "ते दुर्बीण वगैरे कशाला? त्या डॉक्टरीणबाईंना सांग, पिशवीच काढून टाका म्हणावं. आता काय करायचंय तिचं?"

ज्या बाईनं मला मूल व्हावं म्हणून सोळा सोमवार केले, हरिहरेश्वरला अनवाणी जाऊन आली, तिनं आशा सोडल्याचं मला असं समजलं, भात वाढताना. माझ्या मनातल्या त्या वाट बघण्याला घरात आता कुणाचीच सोबत नव्हती. त्या दिवसापासून सासूबाईंशी कामापुरतं बोलायला लागले, आणि त्यांनीही का म्हणून विचारलं नाही.

आनंदशी मात्र भांडण झालं. वाडीच्या कुंपणाशी उभं राहून, तो आत आणि मी बाहेर, कारण मला आत जाता येत नव्हतं. तो सारखं म्हणत होता, "तुला वाटतं ते कर, माधवी."

"माझ्यावर ढकलू नकोस," मी म्हणाले. "तुला काय वाटतं ते एकदा तोंडानं बोल."

तो बराच वेळ पोफळीच्या बुंध्यावरचं शेवाळ नखानं खरवडत राहिला. "मला भीती वाटते," म्हणाला. "मुलाचं मी आता मनातून काढून टाकलंय. तू बरी हो, एवढंच."

वाईट काहीच बोलला नव्हता. पण तेव्हा मला तेही झोंबलं. घरातल्या दोन माणसांनी मला न सांगता मूल मनातून काढून टाकलं होतं आणि मीच एकटी मागे राहिले होते.

मी मॅडमना फोन करून सांगितलं, पिशवी ठेवायची. त्या म्हणाल्या, "काढायचं कुणी म्हटलंय?"

अलिबाग

पाळी होऊन गेल्यावर लगेचची तारीख ठरली. आदल्या रात्रीपासून पाणीसुद्धा बंद. पहाटे निघून दिघीला आलो आणि गाडीसकट फेरीबोटीत चढलो. पलीकडे आगरदांडा, मग मुरूड, मग अलिबाग. खाडीचं पाणी मातकट होतं आणि कुणीतरी वड्याची पुडी उघडली होती. वास नको म्हणून मी पदर नाकाशी धरला. आनंदनं माझी पिशवी मांडीवर धरली होती. आत साडी, टॉवेल आणि सासूबाईंनी न बोलता ठेवलेली अंगाऱ्याची पुडी.

हॉस्पिटल लहान होतं. तिथे गेलं की आपण माणूस कमी आणि फाइल जास्त होतो. इथे सही करा, तिथे बसा, दागिने काढा. मंगळसूत्र आनंदच्या खिशात गेलं. बांगड्या निघेनात तेव्हा सिस्टरनी त्यांवर पट्टी चिकटवली. हिरवा गाऊन पाठीमागून उघडा. तो घालून बसलं की सगळा शहाणपणा गळून पडतो.

शेजारच्या खाटेवर तळा तालुक्यातली एक बाई होती, शेतात राबून रापलेली, माझ्याहून थोडी मोठी. तिची पिशवी काढायची होती. ती पाय हलवत बसली होती आणि मला न्याहाळत होती.

"तुमची पन पिशवीच का, बाई?"

"नाही. आतून साफ करणार आहेत, दुर्बिणीनं. पिशवी ठेवणार."

"ठेवा, ठेवा." ती जवळ सरकली. "पोरं किती हायत?"

मी गाऊन गुडघ्यांवर ओढला. "नाहीत."

तिनं चुकचुक केली नाही, देवाचं नाव घेतलं नाही. म्हणाली, "मला चार हायत. तरी बी डाक्टरीण काढाया लागंल म्हनली तवा मी घरी जाऊन रडली. नवरा म्हने, आता काय कामाची हाय ती? म्या म्हनलं, कामाची न्हाय म्हून काय माजी न्हाय व्हय?"

इतक्या दिवसांत माझ्या मनातलं कुणीतरी पहिल्यांदा बोललं होतं, आणि तेही जिच्याकडे सगळं होतं तिनं. मी तिचा हात धरला. तो खरखरीत आणि गार होता. तीही घाबरली होती. तिला माझ्या आधी आत नेलं. जाताना ती म्हणाली, "बाई, माज्या पिशवीकडं जरा ध्यान द्या." खाटेखालच्या कापडी पिशवीबद्दल म्हणत होती. तेवढ्यात तिला स्वतःलाच हसू फुटलं आणि मलाही.

आत टेबलावर पाय वर बांधले जातात. हे आधी कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. लाज वाटते, आणि तिथल्या कुणालाच ती दिसत नाही. भूल देणारे डॉक्टर नाव विचारतात, आपण सांगतो, आणि मग एकदम बाहेर असतो. जाग आली तेव्हा मी थरथर कापत होते आणि ओटीपोटात पाळीसारखीच कळ होती, ओळखीची. घसा कोरडा. पाणी मागितलं तर सिस्टरनी ओला कापूस ओठांवर फिरवला. त्या गार कापसाची चव मला अजून आठवते, सगळ्या दिवसात चांगली म्हणावी अशी तेवढीच.

आनंद आला. त्याच्या हातात झाकणाची एक छोटी बाटली होती. काढलेलं तपासायला द्यायचं ते प्रयोगशाळेत नातेवाइकांनीच नेऊन द्यायचं होतं.

"बघू," मी म्हणाले.

तो नको म्हणत होता. मी हट्ट धरला. पाण्यासारख्या औषधात फिकट मांसाचे तुकडे. सगळ्यात मोठा अडकित्त्यानं कातरलेल्या सुपारीच्या खांडाएवढा. एवढंच. याच्यासाठी अर्धा महिना मागची खोली, आणि कदाचित याच्यासाठीच सगळं. आनंदनं ती बाटली रुमालात गुंडाळली आणि शर्टाच्या आत धरून प्रयोगशाळेकडे चालत गेला.

"हे धरायचं का?"

घरी आले तर थोडं थोडं रक्त जात होतं. काही दिवस जाईल असं मॅडमनी सांगितलंच होतं. मी सरळ मागच्या खोलीकडे वळले. सवयीनं. सासूबाई पडवीत उभ्या होत्या.

"माधवी, हे धरायचं का?"

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. हे रक्त विटाळात धरायचं की नाही. मला हसू आलं, आणि ते थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. दाराच्या चौकटीला धरून मी रडले. अलिबागला रडले नव्हते ते इथे.

सासूबाई पुढे आल्या. मग म्हणाल्या, "नाही धरायचं. जखमेचं आहे ते." आणि मला दंडाला धरून आत आणलं, माजघरात माझ्या स्वतःच्या पलंगावर निजवलं.

रिपोर्टला वेळ होता. ते दिवस वाईट गेले. फोन वाजला की मी उठून बसायचे, आणि निघायचा कुणी सुपारीचा भाव विचारणारा. आनंद वाडीतून शहाळी काढून आणायचा, एक प्यायले की दुसरं फोडायचा, बोलायचा नाही. दुसरं नको आहे हे त्याला सांगायचं माझ्या जिवावर यायचं.

एका दुपारी सासूबाई माझ्या उशाशी सुपारी सोलत बसल्या. सालं बाजूला पडत होती. मान वर न करता बोलायला लागल्या.

"आमची कुसुम होती ना, माझ्या पाठची. तिला असंच जायचं. आम्ही म्हणायचो, वय आहे, होतं असं. मुंबईला नेली तेव्हा डॉक्टर म्हणाले, आधी आणली असती तर पिशवी काढून टाकली असती, वाचली असती." त्यांनी सोललेली सुपारी सुपात टाकली. "नातवंडाची हौस मला नाही असं वाटलं तुला. हौस आहे गं. पण मला आधी तू दिसतेस."

कुसुममावशी लवकर गेली एवढंच मला ठाऊक होतं. कशानं, ते या घरात कधी कुणी उच्चारलं नव्हतं. मी त्यांच्यावर इतके दिवस रागावले होते आणि त्या इतके दिवस घाबरलेल्या होत्या, आणि जेवणाचं ताट दोघींच्या मधून मुकाट्यानं जात-येत होतं. मी उठून बसले आणि त्यांच्या समोरची सुपारी सोलायला घेतली. सोलायचा कोयता त्यांनी माझ्या हातातून काढून घेतला. "राहू दे, ताकद नाही तुझ्यात," म्हणाल्या.

रिपोर्ट

रिपोर्ट चांगला आला. साधे पॉलिप, वाईट काही नाही. आनंद दवाखान्याच्या पायरीवर खाली बसला आणि तोंड झाकून घेतलं. मी त्याच्याजवळ उभी राहिले. मला हलकं वाटलं, खोटं कशाला सांगू. जगणार होते.

पण जगायचं ठरल्यावर दुसरा प्रश्न डोकं वर काढतोच. मी मॅडमना विचारलं, "हे गोळ्यांनी झालं का?"

"गोळ्यांनी झालं असं मी म्हणणार नाही. पण गोळ्यांच्या नावावर सगळं खपून गेलं. कुणी आत बघितलंच नाही."

"मग हे आधी काढलं असतं तर मूल झालं असतं?"

"हे किती जुनं आहे ते मला माहीत नाही. दोन वर्षांचं असेल, आठ वर्षांचं असेल. तुम्हाला जो कोणी ठामपणे सांगेल, हो किंवा नाही, त्याच्यावर विश्वास ठेवू नका."

याहून प्रामाणिक उत्तर नसेल. पण याहून जड उत्तरही मला माहीत नाही. "हो" म्हणाल्या असत्या तर कुणावर तरी रागावता आलं असतं. "नाही" म्हणाल्या असत्या तर सुटले असते. हे दोन्ही नाही. शाळेतून येताना, तांदूळ निवडताना, केव्हाही ते वर येतं. दोन वर्षांचं की आठ? त्या आठमध्ये माझी तिशी गेली. लोक म्हणतात, बरी झालीस ना, विसर आता. बरी झाले हे खरं आहे.

"थांबू नका," मॅडम म्हणाल्या होत्या. "हातात वेळ थोडा आहे. नैसर्गिकपणे दिवस राहतात का बघू, नाहीतर पुढचं बोलू." म्हणून आम्ही थांबलो नाही. आनंदनं मनातून काढलेलं परत मनात घातलं, माझ्यासाठी. पाळी घड्याळासारखी यायला लागली, मधे डाग नाही, अंगात रक्त भरलं, जिने चढताना धाप लागेना. मी बरी होत होते हे मला दर महिन्याला ज्या दिवशी कळायचं, त्याच दिवशी मी न्हाणीघरात बसून रडायचे. इतर बायका ज्याला सुटका म्हणतात ती माझी पाळी, वेळेवर, स्वच्छ, बिनचूक. मला ती बिनचूक नको होती.

घावन

या वर्षी भाद्रपद आला. गौरीच्या पूजेचा दिवस आणि माझी तारीख एकाच दिवशी पडत होती. हे मला माहीत होतं, आणि सासूबाईंनाही. गोळी घेणार नाही असं मी मनाशी ठरवलं होतं आणि ते त्यांना कसं सांगावं याची जुळवाजुळव करत होते. देवघराची फळी पुसायला गेले तर कापराच्या डबीमागे पट्टी नव्हती. त्यांनीच आणवली नव्हती. त्यांच्या मनात काय आहे ते मला न बोलताच कळलं. न जाणो, नाहीच आली तर. पाळी येणार नाही, आणि या वेळी गोळीमुळे नव्हे.

आमच्याकडे खड्यांच्या गौरी. आदल्या दिवशी मी वाडीमागच्या पऱ्ह्यावर, म्हणजे ओहोळावर जाऊन पाण्यातून खडे उचलले आणि तबकात ठेवून मुकाट्यानं घरी आणले. आणताना बोलायचं नसतं. मला त्या दिवशी बोलण्यासारखं काही नव्हतंच. पाण्यात वाकले होते तेव्हा एवढंच मनात आलं, एक दिवस थांब. मग आणखी एक दिवस. मी विज्ञान शिकवते, तरी खड्यांना असं म्हणाले.

पूजेच्या सकाळी मी सोवळं नेसून चुलीपाशी होते. पीठ भिजवून झालं होतं, घाटल्याचा नारळ खवला होता, सासूबाई बिडाचा तवा तापवत होत्या. पहिलं घावन घातलं आणि मला कळलं. अगदी ओळखीचं, ओटीपोटात.

मी जाऊन आले. परत आले ती उंबऱ्याबाहेर थांबले, आत पाय टाकला नाही.

"आई," मी म्हणाले. "मला मागे जायला हवं."

त्यांच्या हातात उलथणं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तारखेला?"

"हो. अगदी तारखेला."

"मधे काही डाग वगैरे?"

"नाही. सगळं चांगलं आहे."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. आणि चुलीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांची पाठ हलत होती. तव्यावरच्या घावनाची कड काळी व्हायला लागली, धूर आला.

"आई, घावन जळतंय."

"जळू दे."

मी वळले आणि मागच्या खोलीकडे दोन पावलं गेले. तेवढ्यात मागून त्यांचा आवाज आला, रडका नव्हे, नेहमीचा, कामाचा.

"कुठे निघालीस? पीठ तू भिजवलंयस, मला त्याचा अंदाज नाही. माझ्या हातांना आता घावन उलटवत नाही. ये, उलट."

मी उंबऱ्यातच उभी राहिले. त्यांनी देवघराकडे एकदा पाहिलं, खड्यांकडे, मग माझ्याकडे. त्यांनी उलथणं माझ्यापुढे धरलं आणि मी ते घेईपर्यंत हात खाली केला नाही.

मी आत गेले. जळलेलं घावन काढून ताटलीत ठेवलं, तव्याला तेलाचं बोट फिरवलं, दुसरं घातलं. सासूबाई माझ्या शेजारी पाटावर बसून घाटलं ढवळत होत्या आणि पदरानं नाक पुसत होत्या. मीही. आनंद दारापर्यंत आला, आम्हा दोघींकडे बघितलं आणि काही न विचारता परत गेला. पहिलं जळकं घावन आम्ही दोघींनी अर्धं अर्धं खाल्लं. दुसऱ्यापासूनची गौरीच्या नैवेद्याला घेतली.